भिंतीवरची पांढरी पावडर आणि व्हॉल्यूम शून्य

तू नेमकं काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी "वेबसाइटसाठी लिहिते" एवढंच सांगून सुटका करून घेते, कारण "कीवर्ड रिसर्च" म्हटलं की समोरचा चेहरा दोनच प्रकारचा होतो, एक तर काहीही न कळलेला, नाहीतर "अच्छा, म्हणजे गूगलला गंडवायचं" असा. दुसऱ्या चेहऱ्याशी मी पूर्वी वाद घालायचे. आता नाही घालत, कारण खरं सांगायचं तर सुरुवातीला मी तेच करायला बघत होते आणि त्यात गंडले मीच.

काम काय असतं ते आधी सांगून टाकते. एखादी साइट आहे, तिच्यावर कशाकशावर लिहायचं ते ठरवायचंय, तर मनाला येईल ते लिहीत सुटण्याआधी लोक सर्चमध्ये काय टाइप करतात ते हुडकायचं, ते शब्द एका शीटमध्ये भरायचे, प्रत्येकापुढे महिन्याला साधारण किती वेळा शोधलं जातं (यालाच व्हॉल्यूम म्हणतात), वर यायला किती अवघड आहे, शोधणाऱ्याला हवंय काय, हे लिहायचं, मग एकाच अर्थाच्या ओळी एकत्र बांधायच्या आणि एकेका गठ्ठ्याला एकेक पान द्यायचं. ऐकायला कारकुनी वाटतं. निम्मं कारकुनीच आहे.

मी ज्या साइटवर हे शिकले ती होती घरातली ओल, गळती, वॉटरप्रूफिंग असल्या विषयांवर माहिती देणारी. मालक स्वतः वीसेक वर्षं हेच काम करणारे, मी त्यांना काका म्हणते, आणि त्यांचं म्हणणं एवढंच होतं की "लोक आपटतात, चुकीचा रंग मारतात, परत परत पैसे घालवतात, त्यांना नीट कुणीतरी सांगायला पाहिजे." हेतू चांगला. आणि माझ्या हातात पडलं गूगलचं कीवर्ड प्लॅनर, कुठला शब्द किती शोधला जातो ते सांगणारं.

आता हे कीवर्ड प्लॅनर मुळात जाहिरात देणाऱ्यांसाठी बनवलेलं टूल आहे, लिहिणाऱ्यांसाठी नाही, आणि ही एक गोष्ट पहिल्या दिवशी कुणी मला कानात ओरडून सांगितली असती तर माझे दोन महिने वाचले असते. त्यात "कॉम्पिटिशन" नावाचा कॉलम असतो. काही शब्दांपुढे "लो" बघून मी हरखून गेले, म्हटलं इथे कोणीच नाही, मोकळं रान आहे. तर तो कॉलम सांगतो की त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण धडपडतायत. जाहिरात नसलेल्या साध्या निकालांत वर यायला सोपं की अवघड याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. "लो" असलेल्या शब्दावर पहिल्या पानावर दहा जुन्याजाणत्या साइट ठाण मांडून बसलेल्या असू शकतात, आणि होत्याच.

आकड्यांचंही तसंच. जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला प्लॅनर नेमका आकडा दाखवतच नाही, नुसती पट्टी दाखवतो, १० ते १००, १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार. एक हजार आणि दहा हजार यांच्यात किती फरक आहे हे सांगायची गरज नाही, पण मी त्या दोन्ही टोकांच्या बरोबर मधे एक आकडा मनाने धरून त्याची बेरीज वगैरे करून काकांना दाखवली होती, रंगीत चार्टसकट. आणि ही पट्टी साधारण बारा महिन्यांच्या सरासरीची. ओल हा विषय पाऊस पडला की उसळी मारणारा, बाकी वेळी भिंत कोरडी आणि माणूस निवांत, तर सरासरीत ती उसळीच सपाट होऊन जाते. हंगाम बघायला मग गूगल ट्रेंड्स उघडलं, हे २००६ पासूनचं जुनंजाणतं टूल, तिथे आलेख थेट १०० ला टेकलेला, मी खूश, शंभर लोक तर शंभर लोक. तर तिथला १०० म्हणजे माणसं नव्हेत, निवडलेल्या काळात तो शब्द सगळ्यात जास्त जोरात होता तो क्षण म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. पाच माणसांचासुद्धा आलेख १०० ला टेकू शकतो. हसू नका, हा घोळ घातलेले मला निदान चार जण माहीत आहेत.

तर अशा पायावर मी व्हॉल्यूमप्रमाणे उतरत्या क्रमाने लावून वरचे चाळीस शब्द उचलले आणि चाळीस लेखांचा प्लॅन बनवला. "वॉटरप्रूफिंग म्हणजे काय" पासून सुरुवात. शिवाय "ओल कशी घालवावी" वेगळा लेख, "ओल कशी काढावी" वेगळा लेख आणि "ओलीवर उपाय" तिसरा, कारण शीटमध्ये तीन ओळी होत्या ना. तिन्हींत तेच, शब्द फिरवून. पुढे सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली पानं कुठल्या प्रश्नाला कितव्या नंबरवर दिसली ते साइटवाल्याला दाखवणाऱ्या गूगलच्या टूलमध्ये, बघितलं तर एकाच प्रश्नाला आज हे पान, उद्या ते, परवा तिसरं, तिघंही एकमेकांच्या तंगड्यात तंगडं घालून विसाव्या नंबरच्या आसपास लोळतायत. या प्रकाराला आमच्या धंद्यात कॅनिबलायझेशन म्हणतात, म्हणजे आपलीच पानं आपल्याच पानांना खातात. शेवटी तिघांचा एक लेख केला, उरलेल्या दोघांचे पत्ते कायमचे त्याच्याकडे वळवले, आणि काही आठवड्यांनी तो एकटा हळूहळू वर सरकायला लागला. दोन लेख लिहायला लागलेला वेळ गेला तो गेलाच.

मराठीत लिहिताना आणखी एक पंचाईत आहे, तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. आपला शब्द एका जागी उभा राहत नाही. भिंत, भिंतीला, भिंतीवर, भिंतीतून, भिंतींना, ओल, ओलीमुळे, ओलाव्याने, ओलसर, प्रत्येक वेळी शब्दाचा चेहरा वेगळा. टूलच्या दृष्टीने "भिंतीला ओल आली" आणि "भिंतीवर ओल येते" या दोन निराळ्या ओळी आणि दोन्हींपुढे बहुतेक वेळा शून्य नाहीतर नुसती आडवी रेघ. त्यात अर्धे लोक मराठी प्रश्न रोमन अक्षरांत ठोकतात, ज्याचं त्याचं स्पेलिंग, कुणी भिंतीत एक अक्षर जास्त घालतो तर कुणी ओलीतलं एक खातो. म्हणजे एकच वैतागलेला प्रश्न पंधरा तुकड्यांत फुटलेला आणि पंधराही ठिकाणी व्हॉल्यूम शून्य. शीट बघितलं तर वाटावं मराठी माणसाच्या भिंती कोरड्याठाक आहेत.

तीनेक महिने झाल्यावर काकांनी फोन केला. ते रागावत नाहीत, नुसतं विचारतात, त्यामुळे जास्त लाजल्यासारखं होतं. मी काहीतरी सारवासारव करत होते, गूगलला वेळ लागतो, साइट नवीन आहे, वगैरे, आणि मधेच सहज विचारलं, "काका, लोक तुम्हाला फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतात?"

"पहिलं वाक्य? आज येऊ शकता का."

"त्याच्या नंतरचं."

जरा थांबले. मग म्हणाले, "नंतर सांगतात की भिंतीवर पांढरं पांढरं काहीतरी आलंय. पावडरसारखं. पुसलं की जातं, परत येतं. बुरशी आहे का हो? मी म्हणतो, ते एफ्लोरेसन्स आहे. की गप्पच होतात बिचारे. माझी आई याला लोणा म्हणायची. भिंतीला लोणा लागला, असं."

माझ्या साइटवर "एफ्लोरेसन्स: कारणे व प्रतिबंध" असा लेख होता. पूर्ण महिन्यात आठ भेटी. त्यातल्या चार-पाच माझ्याच असणार, टायपो सुधारायला गेले होते.

लेखात चूक काही नव्हती हो. पाणी भिंतीतून बाहेर येताना विटेतले, सिमेंटमधले क्षार विरघळवून सोबत आणतं, बाहेर आलं की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच पांढरे होऊन बसतात, म्हणून पुसलं तरी परत येतात, कारण पाणी यायचं थांबलेलंच नसतं. बुरशी आहे की क्षार हे बघायचं तर थेंबभर पाणी टाका, क्षार विरघळतात, बुरशी ढिम्म राहते. हे सगळं त्यात होतं. फक्त हे ज्याला हवंय त्याला त्याचं नाव माहीत नव्हतं, आणि ज्याला नाव माहीत होतं त्याला लेखाची गरज नव्हती. मी दार बांधलं होतं झकास आणि त्यावर पाटी लावली होती आतल्या लोकांच्या भाषेत.

त्या दिवसापासून माझ्या कामाची दिशा बदलली असं म्हणायला हरकत नाही. माणूस सर्चमध्ये टाइप करतो तेव्हा बऱ्याचदा तो नावाच्या शोधात असतो. डोळ्यांनी दिसतंय ते, हाताला लागतंय ते, नाकाला येतोय तो वास, हे त्याच्याकडे असतं, शब्द नसतो. "भिंतीला हात लावला की चुना हाताला लागतो." "रंगाला फुगे आलेत." "कपाटातल्या कपड्यांना कुबट वास." हे त्याचे शब्द. आणि टूल मोजतं ते बहुतेक करून नावं, कारण नाव सगळे एकसारखं टाइप करतात, वर्णन मात्र प्रत्येक जण आपापलं करतो. म्हणून नावांचे आकडे फुगतात आणि वर्णनांपुढे शून्य येतं. गूगल स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आलंय की रोज होणाऱ्या सर्चपैकी साधारण १५ टक्के सर्च त्यांनी त्याआधी कधी पाहिलेलेच नसतात. रोजचे. आता जे कुणी आधी विचारलंच नाही त्याचं मागच्या बारा महिन्यांचं व्हॉल्यूम कुठलं टूल दाखवणार?

आणि गंमत म्हणजे शोधशास्त्राला हे फार आधीपासून ठाऊक होतं, मलाच उलट्या बाजूने कळलं. केरेन स्पार्क जोन्स नावाच्या ब्रिटिश संशोधक बाईंनी १९७२ मध्ये मांडलं की जो शब्द सगळ्याच कागदांत सापडतो तो शोधायला फारसा कामाचा नाही, जो थोड्याच कागदांत सापडतो त्याला वजन जास्त द्या. पुढे कित्येक सर्च यंत्रणांच्या पोटात हा विचार बसला. "भिंत" हा शब्द काही सांगत नाही, "पावडर" सांगतो. आणि मी तीनेक महिने "भिंत"च्या मागे धावत होते कारण तिच्यापुढे आकडा मोठा होता.

नंतरचं शीट मग वेगळं झालं. काकांना सांगितलं की प्रत्येक फोननंतर समोरच्याचं एक वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा, सुधारू नका, तुमची भाषा घालू नका. ते कंटाळा करतील असं वाटलं होतं पण उलट त्यांना चटकच लागली, रात्री मला वहीचे फोटो यायला लागले. शाईने लिहिलेलं, मधेच एखाद्या वाक्यापुढे स्वतःची टीप, "हा खोटं बोलत होता, गच्चीवर यानेच खड्डा पाडलाय." त्या वह्यांतली वाक्यं मी सर्चमध्ये अर्धवट टाइप करायचे आणि खाली काय काय सुचवण्या येतात ते बघायचे. या सुचवण्या लोकांच्या खऱ्या सर्चवरूनच येतात, टूलमध्ये रेघ असली तरी सुचवणी उमटली की समजायचं, असं विचारणारा हा एकटा नाही. मग निकाल स्वतःच्या डोळ्यांनी उघडून बघायचे, वर कोण बसलंय, व्हिडिओ आहेत का दुकानं आहेत का कुणाची तरी प्रश्नोत्तरं आहेत. ही पायरी लोक टाळतात, पण नुसतं "नळ" एवढंच टाइप करणाऱ्याला तोटी बदलायचीय की दमयंतीचा नवरा हवाय हे आकडा सांगत नाही, निकाल सांगतात.

शोधणाऱ्याच्या मनात काय आहे याचे तीन प्रकार पुस्तकी भाषेत कधीचे ठरलेत. आंद्रे ब्रोडर यांनी २००२ मध्ये केलेली वाटणी, कुणाला ठराविक साइटवर जायचं असतं, कुणाला माहिती हवी असते, कुणाला काहीतरी करायचं असतं, विकत घ्यायचं, उतरवून घ्यायचं. चांगली वाटणी आहे, अजून वापरतात, मीही वापरते. पण माझ्या शीटला मी शेजारी अजून एक कॉलम जोडलाय, त्याला हेडिंग नाहीये, त्यात नुसतं लिहिते, घाबरलाय, वैतागलाय, भांडण चालू आहे, नुसतं कुतूहल. "वरच्या मजल्यावरून गळती खर्च कोणी करायचा" हा प्रश्न पुस्तकाप्रमाणे माहितीचा. माझ्या मते हा माणूस जिन्यात भांडून आत्ताच घरात आलाय आणि त्याला दारूगोळा हवाय. त्याला वॉटरप्रूफिंगच्या थरांची माहिती दिली तर तो तीन सेकंदांत निघून जाणार. त्याला आधी हे सांगायला लागतं की पाणी वरूनच येतंय हे सिद्ध कसं करायचं, बाथरूमची फरशी की पाइप की गच्ची, कारण भांडण निम्मं तिथेच मिटतं नाहीतर नीट सुरू तरी होतं.

दुसरी एक ओळ होती, "ओलीमुळे बाळाला खोकला होतो का". ती वाचून मी शीट बंद करून जरा वेळ नुसती बसले. या ओळीला व्हॉल्यूम, डिफिकल्टी, प्रायॉरिटी असले कॉलम भरताना स्वतःचीच लाज वाटते. बुरशी असलेल्या ओलसट घरात श्वासाचे त्रास वाढू शकतात हे वैद्यकात मान्य आहे, पण त्या लेखात मी पहिल्याच ओळीत डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि काकांच्या कामाची जाहिरात त्या पानावरून काढून टाकली. काका एका शब्दानेही काही बोलले नाहीत.

लोकांचे प्रश्न वाचणं म्हणजे थोडंसं दाराला कान लावणंच आहे, ते मला विसरता येत नाही. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले दोन कोटींच्या आसपास सर्च जाहीर करून टाकले होते, नावं काढून, नावांच्या जागी नंबर टाकून. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यातल्या एका नंबरचे नुसते सर्च वाचून एका बाईंचं घर शोधून काढलं. माग लागला तो सर्चमधूनच. तेव्हा आम्ही आकडे बघतो, माणसं बघत नाही, असं कुणी म्हणालं की मला ते आठवतं. २०११ पासून गूगलनेही कुठल्या शब्दावरून माणूस साइटवर आला हे साइटवाल्यांपासून हळूहळू झाकायला सुरुवात केली, आणि आमच्या धंद्यात केवढी बोंबाबोंब झाली. माझी सहानुभूती झाकणाऱ्यांच्या बाजूला आहे, गैरसोय होते ती होते.

बाकी जुने उद्योग आता संपलेत आणि बरं झालं. पानाच्या पोटात कीवर्डची यादी लपवून ठेवायचा मेटा टॅग रँकिंगसाठी वापरत नाही असं गूगलने २००९ मध्येच उघड सांगितलं, तरी अजूनही मला तो टॅग भरून द्या म्हणणारे भेटतात. एकच शब्द पंचवीस वेळा कोंबणं, पांढऱ्यावर पांढरी अक्षरं, सगळं इतिहासजमा. २०१९ मध्ये गूगलच्या सर्चमध्ये बर्ट नावाचं भाषा समजून घेणारं मॉडेल आल्यापासून वाक्यातले छोटे शब्दही मशीन लक्षात घ्यायला लागलं, आपल्याकडचे ला, ने, तून हेही अर्थाचाच भाग असतात हे त्याला थोडंफार उमगायला लागलंय असं मला तरी निकाल बघून वाटतं. आणि २०२४ पासून निकालांच्या वरच एआयने लिहिलेलं तयार उत्तर यायला लागलं, म्हणजे पाच लेख वाचून केलेला सारांश, त्यात आमच्याही लेखाचा घास असतो कधीकधी, पण माणूस तिथूनच परत जातो. याच्यावर मी चिडायचं का हे अजून ठरवलेलं नाही. पांढऱ्या पावडरवाल्याला उत्तर मिळालं हे चांगलंच आहे की. महिन्याच्या शेवटी मात्र क्लिकचा आलेख काकांना मलाच दाखवायचा असतो.

"भिंतीवर पांढरी पावडर का येते" हा लेख आता साइटवर सगळ्यात जास्त वाचला जातो. प्लॅनरमध्ये त्याच्यापुढे अजून रेघच आहे. लेखाच्या मधे एका ठिकाणी एफ्लोरेसन्स हा शब्द आहे आणि लोणा हाही, काकांच्या आईसाठी.

काल रात्री सर्च कन्सोल चाळत होते. मी तिथे नेहमी खालच्या बाजूने सुरू करते, वरचे शब्द तेच ते असतात. तळाशी एक ओळ होती, "भिंतीतून पाण्याचा आवाज". इम्प्रेशन १ (म्हणजे निकालांत एकदाच दिसलं), क्लिक शून्य, पोझिशन ६४. आमचं कुठलं तरी भलतंच पान त्याला दाखवलं गेलं होतं आणि त्याने अर्थातच त्यावर क्लिक केलं नव्हतं. अशा ओळी पूर्वी मी सरळ वगळायचे. पण फारच थोड्या लोकांनी विचारलेले प्रश्न सर्च कन्सोल गोपनीयतेसाठी दाखवतच नाही, दोन-तीन महिन्यांत निदान काही डझन लोकांनी तेच टाइप केलेलं असावं लागतं. म्हणजे आमच्यापर्यंत पोचला तो एकच, पण भिंतीला कान लावून बसलेले अजून बरेच आहेत कुठेकुठे.

काकांना मेसेज टाकला. लगेच उत्तर, ते झोपत नाहीत बहुतेक. "घरातले सगळे नळ बंद करायला सांग. मग पाण्याच्या मीटरवर नजर ठेवायची. सगळं बंद असून काटा हलला तर पाइप आत फुटलाय. नाही हलला तर बहुतेक वरच्याचं सांडपाणी उतरतंय, घाबरायचं काही नाही." आणि खाली अजून एक ओळ, "रात्रीच ऐकू येतं ते. दिवसा गडबडीत कळत नाही."

नवीन फाइल उघडली. शीर्षकात "आवाज येतो" लिहू की "आवाज ऐकू येतो" यावर अर्धा तास गेला, दोन्हींपुढे रेघच आहे, शेवटी वहीचा फोटो परत उघडून बघितला, काकांच्या अक्षरात कुणाचं तरी वाक्य होतं, "आत कुठेतरी पाणी वाहतंय असं वाटतं, पण दिसत काहीच नाही."